घरातला एक शब्द आणि दिल्लीचे मराठी रब्बी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा नातू साताऱ्याला आला होता. वय वर्षे अकरा. दुपारभर मोबाइल आणि असरची नमाज झाली की गल्लीत क्रिकेट, असा त्याचा दिनक्रम. एका संध्याकाळी खेळ मोडला. समोरच्या घरातला मुलगा आउट झाला आणि आपली बॅट काखोटीला मारून घराकडे निघाला. आमचा नातू त्याच्या पाठीमागे ओरडला, "जा, जा! यहुदी कुठला!"

गल्लीत कुणालाच काही वाटले नाही. आम्ही दोघे ओट्यावर चहा घेत बसलो होतो. क्षणभर आम्हालाही काही वाटले नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. मग आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि त्याला हाक मारली.

"बेटा, यहुदी म्हणजे रे काय?"

"कंजूस," तो म्हणाला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणता की! परवा भंगारवाल्याने वजनात मारलं तेव्हा दादा काय म्हणाले होते?"

यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काही उरले नाही. पोराने शब्द बाहेरून आणला नव्हता. तो आमच्याच घरातून उचलला होता.

आमच्या स्वयंपाकघराच्या मागे, मोरीच्या कडेला एक काळा पाटा-वरवंटा आहे. घरात मिक्सर येऊन कित्येक वर्षे झाली, पण ओल्या खोबऱ्याची चटणी अजून त्याच पाट्यावर वाटली जाते. हा पाटा एका यहुदी घरातून आमच्याकडे आला आहे. म्हणजे इतकी वर्षे त्यांचा पाटाही आम्ही वापरत होतो आणि त्यांच्या नावाची शिवीही. दोन्ही एकाच छपराखाली, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे आम्हाला कधी सुचलेही नव्हते.

आमच्यापैकी एकाचे माहेर साताऱ्याचे, तर दुसऱ्याचे बालपण मिरज जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत गेलेले. अब्बा रेल्वेत होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक गार्ड राहत. आडनाव कोकणातल्या गावावरून आलेले, शेवटी 'कर'. त्यांच्या पत्नीला आम्ही मुले मावशी म्हणत असू. त्या लुगडे नेसत, कपाळ मोकळे ठेवत आणि घरात अस्सल मराठी बोलत. आमच्या घरात दखनी. पुढे शाळेत मराठीच्या पेपरात जे काही मार्क मिळाले, त्यांतले निम्मे तरी मावशींच्या पडवीत बसून मिळालेले आहेत.

त्यांच्या दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला एक छोटी नळी ठोकलेली होती. येता-जाता घरातली माणसे तिला हात लावत आणि बोटे ओठांना टेकवत. आम्हाला वाटे, हा त्यांचा तावीज. त्या नळीत तौरातमधली वचने लिहिलेले कातडे गुंडाळून ठेवतात, हे कळायला आमचे केस पांढरे व्हावे लागले. शुक्रवारी दुपारी आमचा जुमा व्हायचा आणि त्याच दिवशी सूर्य मावळला की त्यांचा शनिवार सुरू व्हायचा. मावशी दिवे लावत आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत त्यांच्या चुलीत विस्तव पडत नसे. मिशन हॉस्पिटलमधल्या नर्सबाईंचा रविवार त्याच्या पाठोपाठ येई. एका वसाहतीत तीन दिवस तीन जणांची इबादत, आणि उरलेले चार दिवस सगळ्यांची ड्यूटी.

त्यांच्या मटणाच्या कालवणात दही कधी नसे, नारळाचे दूध असे. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही हा त्यांचा नियम, आणि तो नियम पाळायला कोकणातला नारळ कामी आलेला. डुक्कर त्यांना हराम, रक्त हराम, मुलाची सुन्नत आठव्या दिवशी, आणि मयताला साधे पांढरे कफन. अम्मी म्हणायची, "यांचं आणि आपलं अर्धं घर एकच आहे." नवस फेडायचा असला की मावशी मलिदा करत. आमच्याकडे मलिदा म्हणजे चपाती कुस्करून गूळ घातलेला. त्यांचा मलिदा भिजवलेल्या पोह्यांचा, वर खोबरे, साखर आणि फळे. तो त्या एलियाहू हनाबी या पैगंबरांच्या नावाने वाटत. हे एलियाहू म्हणजेच आपले हजरत इलियास (अलै.), हे अब्बांनी सांगितले तेव्हा आम्हा पोरांना फार गंमत वाटली होती.

साठच्या दशकात ते कुटुंब इस्राएलला निघून गेले. सामान विकले, काही वाटले. पाटा-वरवंटा न्यायचा तरी कसा? मावशींनी तो अम्मीला दिला. अम्मी स्टेशनवर त्यांना निरोप द्यायला गेली होती आणि गाडी हलली तेव्हा 'फी अमानिल्लाह' म्हणाली होती. अब्बा त्या घराला नेहमी 'इस्राएल लोक' म्हणत. 'यहुदी' हा शब्द शिवी म्हणून आमच्या घरात कधी शिरला, ते सांगता येणार नाही. ते शेजारी असताना तो नव्हता, एवढे नक्की. माणसे निघून गेली आणि त्यांच्या जागी एक शब्द राहायला आला.

हे सगळे आम्ही नातवाला सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण त्याच्या डोळ्यांत एक प्रश्न होता. मिरजेची मावशी ही त्याच्यासाठी कहाणीतली बाई. आजचा, चालता-बोलता, मराठी बोलणारा यहुदी त्याने पाहिलेला नव्हता. पुढे आम्ही सांगलीला मुलाकडे गेलो असताना हा विषय पुन्हा निघाला आणि मुलगा म्हणाला, "अब्बा, दिल्लीला एक मराठी रब्बी आहेत. राजघाटावर, सर्वधर्म प्रार्थनांत ज्यूंची प्रार्थना तेच म्हणतात."

नातवाने लगेच विचारले, "रब्बी म्हणजे ज्वारी-हरभरा ना?"

सांगलीच्या पोराला दुसरे काय आठवणार? आम्ही खूप हसलो. मग त्याला सांगितले की शेतातला रब्बी हंगाम वेगळा. तो शब्द अरबीतल्या वसंत ऋतूवरून आला. यहुद्यांचा रब्बी म्हणजे 'माझे गुरू', धर्मग्रंथ शिकलेला आणि शिकवणारा माणूस. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांच्या 'रब्बी'तला 'रब' आणि आपण दुआ मागताना उच्चारतो तो 'रब' एकाच मुळातून आलेले आहेत.

दिल्लीच्या या रब्बींचे नाव एझिकल आयझॅक मालेकर. मूळचे पुण्याचे, समाज बेने इस्राएल, मातृभाषा मराठी, शिक्षण कायद्याचे. दिल्लीत हुमायून रोडवर, खान मार्केटच्या जवळ, ज्यूंचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. जुडाह हयाम हे त्याचे नाव, आणि ते १९५६ साली बांधले गेले. शेजारीच त्यांचे कब्रस्तान. या मंदिराचे आणि दिल्लीच्या ज्यू समाजाचे मानद सचिव म्हणून मालेकरांनी काही दशके काम पाहिले. मानद, म्हणजे बिनपगारी. शुक्रवारची सायंप्रार्थना, सणवार, निकाह लावणे, मयत पोहोचवणे, परदेशी पाहुण्यांना माहिती देणे, वर्तमानपत्रात लेख लिहिणे, असे सगळे एकट्याने. दिल्लीत कायमची वस्ती असलेली ज्यू कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आहेत. प्रार्थनेला येणाऱ्यांत वकिलातींतले लोक आणि प्रवासीच पुष्कळ असतात.

इतक्या चिमूटभर समाजाचा हा माणूस देशाच्या मोठमोठ्या प्रसंगी इतर धर्मांच्या विद्वानांच्या रांगेत उभा राहतो. पंडितजी संस्कृत म्हणतात, मौलाना कुरआनची तिलावत करतात, ग्रंथी गुरुबाणी म्हणतात आणि मालेकर हिब्रूतून आपली प्रार्थना म्हणतात. १९७१ च्या युद्धात ढाक्याच्या शरणागतीत ज्यांचा मोठा वाटा होता ते लेफ्टनंट जनरल जेकब जानेवारी २०१६ मध्ये वारले. कोलकात्याच्या ज्यू घराण्यातला हा सेनानी हुमायून रोडच्या त्या छोट्या कब्रस्तानातच दफन झाला.

मुलाने मोबाइलवर एक जुने चित्रीकरण काढले. नातवाने टोपी पाहिली आणि म्हणाला, "यांची टोपी तर आपल्यापेक्षा लहान आहे." त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. आमच्या दृष्टीने तिथून सुरू झाला.

आम्हाला कुतूहल वाटले ते असे. ज्या समाजात शतकानुशतके रब्बीच नव्हता, त्या समाजातून हा माणूस उभा कसा राहिला?

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले. वाचलेल्या मोजक्या माणसांनी कोकणातल्या गावांत वस्ती केली, तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू विसरली, पण शनिवार, सुन्नत, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' हे तौहीदचे वाक्य एवढे त्यांनी सोडले नाही. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूने त्यांच्यातल्या काही जणांना धर्माचे शिक्षण दिले आणि निवाड्याचे, लग्न लावण्याचे काम सोपवले. त्या माणसांना काय म्हणत असतील? काजी!

होय, काजीच. कोकणातल्या मुसलमान शेजाऱ्यांकडून त्यांनी हा शब्द घेतला. उपवासाला ते रोजा म्हणत, आणि त्यांच्या उपवासाच्या एका महिन्याला रमजान हेच नाव होते. मुंबईत त्यांनी पहिले प्रार्थनामंदिर बांधले १७९६ साली. हिब्रूतले त्याचे नाव 'शआर हारहमीम', म्हणजे रहमतचा दरवाजा. रहमत शब्द इथेही ओळखीचा वाटतो ना? पण लोक त्याला म्हणत 'जुनी मशीद'. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. बेने इस्राएलांच्या घरांत असे सांगतात की कैद्यांना जात विचारली गेली तेव्हा दिवेकरांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले. ते ऐकून टिपूच्या आईने त्यांच्या जिवासाठी रदबदली केली, कारण 'बनी इस्राईल' हे नाव तिने कुरआनात वाचलेले होते. यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, ते अभ्यासकांनी पाहावे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, मुंबईतल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनामंदिराची कहाणी ते स्वतःच एका मुसलमान आईच्या मायेपासून सुरू करतात. आपण किती जण आपल्या मुलांना ती सांगतो?

एकोणिसाव्या शतकात हा समाज पुन्हा ग्रंथांकडे वळला. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून हिब्रू शिकून घेतली आणि आपल्याच धर्मात पक्के झाले. त्याच पिढीत जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) झाले. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे शिकवले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले आणि हिब्रूतल्या प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात एक हग्गादा छापली गेली. मिसरच्या गुलामीतून हजरत मूसांनी (अलै.) आपल्या लोकांना सोडवले, त्या रात्री वाचायचे ते पुस्तक. एका बाजूला हिब्रू, शेजारी मराठी, आणि चित्रांत जमिनीवर बसून सणाच्या बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या आपल्याकडच्या वेशातल्या बायका. फिरऔनच्या दरबारची हकिकत मराठीतून वाचणारी ही माणसे पाहिली की वाटते, मालेकरांसारखा माणूस एकाएकी उभा राहत नाही. त्याच्या पाठीमागे शंभर-दीडशे वर्षांची शाळामास्तरांची मेहनत असते.

त्या मेहनतीचे त्यांच्याच लोकांनी सुरुवातीला काय केले, तेही सांगितले पाहिजे. बेने इस्राएल इस्राएलला गेले तेव्हा तिथल्या धर्मपीठाने शंका काढली की हे खरे ज्यू आहेत का? यांच्याशी लग्नसंबंध करावेत का? मिरजेच्या मावशी त्याच सुमारास गेल्या. शनिवारचा नियम एकदाही न मोडलेल्या त्या बाईला तिथे कुणी असे विचारले असेल का, हा विचार मनातून जात नाही. या लोकांनी तिथे धरणे धरले, लढा दिला आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत.

हे वाचताना आम्ही दोघेही गप्प झालो होतो, कारण हा अनुभव आपल्या ओळखीचा आहे. बँकेत, एसटीत, लग्नाच्या मांडवात कितीदा ऐकले आहे, "तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण आपण पाहुणे आहोत हे तो नकळत सांगून जातो. आणि दुसऱ्या बाजूला आपलेच कुणी म्हणते, "मराठीत दीन काय कळणार? ही काय मुसलमानांची जबान आहे?" एकीकडे मराठीपण सिद्ध करा, दुसरीकडे मुसलमानपण. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत पोरे या दोन प्रश्नांच्या कात्रीत वाढतात. त्यातून काही जण बोलणेच सोडून देतात. बाहेर धर्माचा विषय काढायचा नाही, घरात भाषेचा काढायचा नाही.

मालेकर आणि त्यांच्या आधीचे राजपूरकर यांच्याकडून आम्ही जे घेतले ते नेमके हेच. दोन्ही टोके सोडायची नाहीत. हिब्रू पक्की शिकायची आणि मराठीही सोडायची नाही. इस्राएल हृदयात आहे आणि भारत रक्तात, अशा अर्थाचे मालेकरांचे सांगणे आहे. त्यांना कुणी त्यांपैकी एक निवडायला लावत असेल, तर ते निवडत नाहीत.

सर्वधर्म संवाद म्हटले की आपल्याकडे बऱ्याच जणांना धास्ती वाटते. वाटते की तिथे गेले की सगळे धर्म एका पातेल्यात घालून ढवळायचे, कुणाच्याही प्रार्थनेला मान डोलवायची आणि आपला अकीदा घरी ठेवून यायचा. ही धास्ती अगदीच खोटी नाही, असेही कार्यक्रम होतात. पण राजघाटावर उभा असलेला रब्बी आपल्या प्रार्थनेतला एकही शब्द दुसऱ्याला बरे वाटावे म्हणून बदलत नाही. मौलानाही बदलत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी पाय रोवून उभा असतो आणि दुसऱ्याचे होईपर्यंत शांत राहतो. संवाद यालाच म्हणायचे. ज्याला स्वतःचे काही माहीत नाही, तो दुसऱ्याशी कशावर बोलणार? म्हणून संवादाची पहिली तयारी सभागृहात नसते. ती घरातल्या पाटावर, मुलाला कायदा आणि सिपारा समजावून सांगताना होते. समजावून, नुसता पाठ करून घेऊन नव्हे.

मालेकरांच्या कामातली आणखी एक गोष्ट आमच्या घरात चर्चेची झाली. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा माणसे लागतात, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे ते दहाही पुरुष असावे लागतात. दिल्लीत मालेकरांनी बायकांनाही या दहांत मोजायला सुरुवात केली. त्यांच्यातही यावर मतभेद आहेत, आणि तो त्यांचा मसला आहे. पण घरातल्या दादीने विचारले, "मदीनेच्या मशिदीत बायका जमातीला जात होत्या. आपल्या मोहल्ल्यात आम्हाला बसायला जागा का नाही?" दादांकडे चांगले उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या घरात डोकावले की आपल्या घरातल्या बंद खोल्याही दिसतात, हा संवादाचा एक फायदा म्हणायचा.

हे सगळे आम्ही मौजेखातर लिहीत नाही. आपल्या या दोन जिल्ह्यांनी अलीकडच्या काळात काय पाहिले, ते वाचकांना सांगायला नको. २००९ च्या गणेशोत्सवात मिरज पेटली आणि झळ सांगली-कोल्हापूरपर्यंत गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत मोबाइलवरच्या मजकुरावरून जमाव चालून आला, मशिदीवर हल्ला झाला आणि एक तरुण जिवाला मुकला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत संध्याकाळी क्रिकेट झाले नाही. दोन्ही वेळा आधी शब्द आले होते, दगड नंतर. एखाद्या समाजाचे नाव शिवीसारखे वापरायची सवय लागली की पुढचे काम सोपे होते. आपल्या नावाचीही अशी शिवी करणारे आहेत आणि ते ऐकताना काय होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? मग तेच आपण दुसऱ्याच्या नावाचे कोणत्या तोंडाने करायचे?

याच मातीत कडेगावचे मोहरमचे ताबूतही आहेत, जे उचलायला हिंदू-मुसलमान दोघांचे खांदे लागतात. वाळवा तालुक्यात गोटखिंडी आहे, जिथे १९८० पासून गावचा गणपती मशिदीत बसतो. आपल्यातल्या काहींना यातले सगळेच पटेल असे नाही. पण तिथली माणसे एकमेकांशी बोलून काही ठरवतात आणि ठरले ते पाळतात, एवढे तर कबूल करावे लागेल.

इथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. गाझातल्या मुलांची चित्रे रोज आपल्या हातातल्या मोबाइलवर येतात. ती पाहून ज्याचे काळीज फाटत नाही, त्याने स्वतःच्या काळजाची चौकशी करावी. जुलमाला जुलूमच म्हटले पाहिजे, आणि आम्ही म्हणतो. पण जुलूम करणारे सरकार असते, फौज असते. मिरजेच्या मावशी नसतात, हुमायून रोडवरचे रब्बी नसतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी मारल्या गेल्या. त्या वेळी मुंबईच्या मुसलमानांनी मारेकऱ्यांच्या मयतांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायचे नाकारले. निरपराध्याचा जीव घेणारा आपला नाही, हे त्यांनी लाउडस्पीकर न लावता सांगितले. तीच मोजपट्टी दोन्हीकडे लावायची, एवढेच.

आणि आपल्या दीनचे काय सांगणे आहे? कुरआनात ज्यांचे नाव सर्वांत जास्त वेळा येते ते पैगंबर हजरत मूसा (अलै.) आहेत. आशुराचा रोजा मदीनेत यहुदी ठेवत होते. मूसांच्या सुटकेचा तो दिवस आहे हे कळल्यावर हुजूरांनी (स.) स्वतः तो रोजा ठेवला. एका यहुद्याचा जनाजा जाताना ते उठून उभे राहिले आणि कुणी हटकले तेव्हा, तो माणूस नव्हता का, असे विचारले. आमच्या घरातल्या प्रसंगाशी जुळणारी हकिकत मात्र उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) यांची आहे. त्या यहुदी सरदाराच्या कन्या. त्यांना कुणीतरी 'यहुद्याची मुलगी' म्हणून टोमणा मारला आणि त्या रडू लागल्या. हुजूरांनी (स.) त्यांची समजूत घातली ती अशी की, तू पैगंबरांच्या वंशातली, तुझे चुलतेही पैगंबर आणि तुझा शोहरही पैगंबर, मग कुणी तुझ्यापुढे मिरवावे कशाचे? म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी त्या घरात हाच शब्द टोमणा म्हणून आला होता आणि तिथेच त्याला उत्तरही मिळाले होते. आम्ही ती हकिकत अनेकदा ऐकलेली होती. गल्लीतल्या क्रिकेटपर्यंत ती पोहोचवली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुन्हा साताऱ्याला आला. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "समोरच्याला जे बोललास ते त्याच्याजवळ जाऊन मिटवून ये." तो गेला आणि पाच मिनिटांत त्या मुलाला घेऊनच परत आला.

"दादा, यालाही माहीत नव्हतं यहुदी म्हणजे काय! याला वाटलं बॅटिंग न येणारा."

दोघांना मागे नेऊन पाटा दाखवला. समोरच्या मुलाने वरवंटा उचलून पाहिला आणि विचारले, "एवढा जड दगड विसरून कशा गेल्या त्या?"

"विसरल्या नाहीत," आम्ही सांगितले. "ठेवून गेल्या."

त्या दिवशी चटणी त्या दोघांनी वाटली. भरड झाली, मीठ जास्त पडले, पण भाकरीबरोबर संपली. भंगारवाला अजूनही वजनात मारतो. आम्ही त्याला आता लबाड म्हणतो.